सुट्या भागांची गाडी

आमची कंपनीची बस रोज सकाळी मोशीच्या पुढे कुठेतरी अडकते. चाकणला पोचेपर्यंत बसमधली निम्मी माणसं झोपलेली असतात, उरलेली मोबाइलमध्ये. मला दोन्ही जमत नाही. मी खिडकीतून शेजारच्या गाड्या बघत बसते. कोणत्या टेंपोत कुणाच्या पेट्या आहेत, आज कुणाचा माल उशिरा पोचणार. माझं कामच ते आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी परचेसला आहे, आणि दिवसभर फोनवर माझं एकच वाक्य चालू असतं, "पार्ट कुठपर्यंत आलाय?"

एका सकाळी बसच्या शेजारी एक उघडा ट्रक येऊन थांबला. त्याच्यावर पट्ट्यांनी आवळून बांधलेली एक गाडी होती. बुटकी, दोघांपुरती, वर छप्पर नाही, बाजूला दारं नाहीत. कुणा हौशी माणसाची असावी. अशी गाडी एरवी डोळ्यांसमोरून सुर्रकन निघून जाते आणि मागे नुसता आवाज उरतो. आज मात्र ती खाली होती आणि मी वर बसमध्ये, त्यामुळे तिच्या पोटात काय आहे ते मला सरळ दिसत होतं. चौकोनी पाइपांचा सांगाडा, पुढे इंजिन, दोन खुर्च्या, स्टेअरिंग, चाकं. बस्स. मी मनातल्या मनात एकेक वस्तू ओळखायला लागले. हा बुश, हा बॉल जॉइंट, ही ब्रेकची नळी, हा रेडिएटरचा होज. यातली प्रत्येक वस्तू मी कधी ना कधी मागवली होती, ती उशिरा आली म्हणून कुणाला तरी झापलं होतं. पण यातली एकही वस्तू मी स्वतःच्या हाताने कशाला बसवली नव्हती.

ट्रक पुढे सरकला. त्या दिवशी मी ऑफिसात एका सप्लायरला दुसऱ्याची ऑर्डर पाठवली.

घरी मी स्वस्थ बसत नाही ही तक्रार जुनी आहे. सुट्टीच्या दिवशी मी पलंग हलवते, कपाट रिकामं करून पुन्हा भरते, भिंतीवरचं घड्याळ एका खिळ्यावरून दुसऱ्या खिळ्यावर नेते. आमचं घर निगडीच्या प्राधिकरणातलं. सासरे पिंपरीत कंपनीत होते, तेव्हा प्लॉट घेऊन बांधलेलं. खाली थोरले दीर आणि जाऊबाई, वर आम्ही. पुढे गाडीसाठी म्हणून सोडलेली जागा, पण तिथे गाडी कधी आली नाही. दुचाक्या, पाण्याची फुटकी टाकी आणि कुणाकुणाचे जुने बूट, एवढंच तिथे असायचं.

थोरल्या जाऊबाईंना मी ताई म्हणते. त्या मूळच्या नांदेडकडच्या. लग्न होऊन इकडे आल्याला कितीतरी वर्षं झाली, बोली मात्र तिकडचीच राहिली. त्या वायरिंग हार्नेसच्या कंपनीत काम करायच्या. गाडीच्या डॅशबोर्डमागे वायरींचा जो लांबलचक जुडगा असतो, तो बोर्डावर मांडून टेप गुंडाळून बांधायचं काम. कंपनीतल्या त्यांच्या हॉलमध्ये जवळजवळ सगळ्या बायकाच. त्या काँट्रॅक्टवर होत्या. नेमकं त्या महिन्यात काँट्रॅक्ट संपलं आणि पुढचं काही झालं नाही. तेव्हापासून त्या घरी होत्या आणि हाताला लागेल ते बांधत सुटल्या होत्या. मोबाइलच्या चार्जरची वायर, पडद्याच्या दोऱ्या, अगदी कोथिंबिरीची जुडी सोडून पुन्हा बांधायच्या.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहून ट्रकवरच्या गाडीचं सगळं सांगितलं.

"मग?" त्या म्हणाल्या.

"मग काही नाही. वाटलं, आपण जोडू शकतो तशी."

"आपण म्हणजे कोण?"

मी 'आपण' म्हणाले होते हे मला तोवर कळलंही नव्हतं. ताईंनी गॅस बारीक केला, हात पुसले.

"वायरिंग मी करते. बाकीचं तुझं तू बघ. पण चालवायला मी बी बसणार. नुसतं शेजारी बसून हवा खायला नाही."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो सेकंड शिफ्टला निघाला होता. बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "माझी बाइक बाहेर काढता येईल एवढी जागा ठेवा म्हणजे झालं." थोरल्या दिरांनी पेपर खाली केला, आमच्या दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा वर केला.

अशा गाड्यांचे नकाशे इंटरनेटवर मिळतात. घराच्या मागच्या शेडमध्ये स्वतःची गाडी जोडणारी माणसं जगभर आहेत, आणि त्यातली काही आपली मापं इतरांसाठी फुकट ठेवून देतात. मी ती कागदावर काढून घेतली आणि ताईंना घेऊन चिखलीतल्या एका ग्रिलवाल्याकडे गेले. खिडक्यांची जाळी, बंगल्यांची गेटं असं काम करणारा माणूस. त्याने कागद उभा धरला, आडवा धरला.

"मॅडम, हे जिन्याचं आहे का?"

"गाडीचं आहे."

"कुठल्या गाडीचं?"

"आमच्या."

त्याने ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली, म्हणजे खरंच आहे अशा अर्थाने. तो तयार झाला, पण गेटांच्या ऑर्डरी सांभाळून मधल्या वेळात करीन म्हणाला. त्यामुळे आमचा सांगाडा त्याच्या दुकानापुढे कैक आठवडे अर्धवट उभा होता. मी कधी बसमधून उतरून तिकडे वाकडी वाट करून जायचे आणि नवा एक तरी पाइप लागला का ते बघायचे. एकदा एक गिऱ्हाईक त्याच्याभोवती फिरत होतं. त्याला ते कोंबड्यांचं खुराडं वाटलं होतं आणि पसंतही पडलं होतं.

खरी अडचण इंजिनाची होती. अशा गाडीला इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, अशी रचना लागते. आपल्याकडच्या हल्लीच्या लहान गाड्या तशा नसतात. पण जुन्या पेट्रोल व्हॅन तशाच असायच्या. शाळेची मुलं नेणाऱ्या, भाजी वाहणाऱ्या त्या चौकोनी व्हॅन. तसली एखादी, वय संपलेली, कुठेतरी उभी असलेली व्हॅन आम्हाला हवी होती. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि चाकं एवढं तिच्यातून निघालं की निम्मी गाडी झाली.

माझी नजरच बिघडली. कंपनीच्या बसमधून, स्कूटरवरून, लग्नाला जाताना, मयताला जाताना मला फक्त उभ्या व्हॅन दिसायला लागल्या. विहारात रविवारच्या वंदनेला डोळे मिटले की ॲक्सल दिसायचा. शेवटी आमच्या बसच्या ड्रायव्हरने सांगितलं की महाळुंग्यात एका म्हाताऱ्या बाबांच्या घरापुढे एक व्हॅन आहे. पूर्वी शाळेची पोरं न्यायचे ते. आता पासिंग संपलंय, गाडी बसून आहे.

आम्ही दोघी रविवारी स्कूटरवर गेलो. चारी बाजूंनी कंपन्यांच्या भिंती आणि मध्ये जुनी चार घरं, त्यातलं एक बाबांचं. व्हॅन शेवग्याखाली उभी होती. टायर बसलेले, पण बाबांनी टोपण उघडून बॅटरी जोडली तर दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. ताईंनी माझा दंड दाबला.

"देता का, बाबा?"

"देतो की. मला काय करायचीय आता? पुढल्या आयतवारी या."

पुढच्या रविवारी गेलो. बाबांनी चहा पाजला, कंपन्या यायच्या आधी इथे कुठलं पीक होतं ते सांगितलं आणि म्हणाले, "पुढल्या आयतवारी नक्की." त्यानंतरच्या वेळी भुईमुगाच्या शेंगा दिल्या. मी घरी येऊन चडफडायचे. कामावर मी अशा माणसाला दोन वाक्यांत सरळ केलं असतं. पण इथे शेंगा खाऊन यायचे.

चौथ्यांदा की पाचव्यांदा गेलो तेव्हा ताई बाबांशी बोलल्याच नाहीत. त्या सरळ मागच्या दाराने आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्याबरोबर आजी बाहेर आल्या, पदर खोचलेला, हात पिठाचे.

"ह्यांनी तुमास्नी सांगितलं न्हाई व्हय?" आजी मला म्हणाल्या. "गाडी द्यायची न्हाई. मला पायजे ती."

बाबा शेवग्याकडे बघायला लागले.

"तुम्ही चालवता?" मी विचारलं.

"मी कशाला चालवू? कंपनीच्या गेटाम्होरं उभी करायची हाय. आत शेगडी ठेवायची, भजी-चा करायचा. शिफ्ट सुटली की पोरं उपाशी येत्यात. कवाधरनं सांगतीया, पर ह्यांना कुणाला न्हाई म्हनता येत न्हाई."

ताई व्हॅनभोवती एक चक्कर मारून आल्या. "आजी, तुम्हाला ह्याचं इंजिन लागायलं का भज्याला?"

"इंजन घेऊन काय तळू?"

"मग इंजिन आम्हाला द्या. खालचं सगळं आम्हाला, वरचा डबा तुम्हाला."

आजींनी व्हॅनच्या आत डोकावून बघितलं. मग म्हणाल्या, "डबा जाग्यावर न्हेऊन ठेवावा लागंल. तेवढं तुमी करा."

ठरलं. बाबांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास सोडला आणि पाने-पक्कड घेऊन आमच्याबरोबर गाडीखाली शिरले. कागद रद्द करायचे सोपस्कार त्यांनी आणि माझ्या नवऱ्याने मिळून आरटीओत खेटे घालून पुरे केले. इंजिन आमच्या दारात टेंपोतून उतरलं त्याच दिवशी व्हॅनचा डबा क्रेनने उचलून गेटासमोर विटांवर बसवला. जाताना आजींनी टेंपोवाल्याला बजावलं, "सावकाश न्हे रं, चालू इंजन हाय."

त्यानंतरचे महिने म्हणजे नुसती धावपळ. सांगाडा घरी आला, फुटकी टाकी बाहेर गेली. रविवार उजाडला की मी ताईंना मागे बसवायचे आणि निघायचे. भोसरीत लेथवर, इंजिनाचा जोर मागे नेणारा व्हॅनचा लांब शाफ्ट कापून आखूड करून घेतला. निगडीत एका दुकानात जुनं स्टेअरिंग मिळालं. रेडिएटर तिसरा आणला तेव्हा तो पाइपांच्या मध्ये बसला. काम पुढे सरकत होतं, पण मला चैन नव्हतं. एक वस्तू मिळाली की हातात धरल्या धरल्या पुढची आठवायची. जेवताना मी उठून खाली जायचे, एखादा नट फिरवून बघायचे आणि परत येऊन गार भाकरी खायचे. नवरा म्हणायचा, "अगं, ती पळून नाही जाणार. तिला अजून चाकंच कुठायत."

ताईंचं उलट होतं. त्यांनी जिन्याखालच्या भिंतीवर एक प्लायवूड टांगलं, त्यावर खिळे मारले आणि गाडीचं सगळं वायरिंग आधी तिथे मांडलं. हेडलाइट इथे, हॉर्न इथे, फ्यूज इथे. एकेक वायर नेमकी तेवढ्याच लांबीची. त्या कामाला बसल्या की त्यांना हाक ऐकू यायची नाही. काँट्रॅक्ट गेल्यापासून त्यांच्या कपाळावर एक आठी होती, ती त्या बोर्डासमोर जायची.

आमचं बिनसलं ते शॉकअपवरून.

पुढच्या चाकांसाठी हलक्या गाडीला साजेसे, खड्ड्यांचे धक्के झेलणारे शॉकअप आणि स्प्रिंगा मिळत नव्हत्या. एकदा ऑफिसात आमच्या एका स्प्रिंगवाल्या सप्लायरशी बोलताना मी सहज विचारलं, एवढ्या वजनाच्या गाडीला साधारण कसली स्प्रिंग लागेल? त्यांनी विचारलं, कशासाठी? मी सांगितलं. मापं, घर कुठाय, तेही बोलता बोलता निघालं. ते हसले, कौतुकही केलं. विषय तिथे संपला असं मला वाटलं.

काही दिवसांनी संध्याकाळी बसमधून उतरून घरी आले तर ताई फाटकातच उभ्या होत्या, चेहरा असा उजळलेला की मला वाटलं त्यांना कुठून तरी कामाचा फोन आला. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. गाडीच्या पुढच्या दोन्ही बाजूंना कोरेकरकरीत शॉकअप बसवलेले होते. काळी नळी, वर निळी स्प्रिंग, आमच्या मापाची.

"पेटी आली दुपारी," ताई म्हणाल्या. "तुझ्या नावानं. मी म्हटलं, ती येईपर्यंत बसवूनच टाकू. दाबून बघ."

मी दाबलं. गाडी खाली गेली आणि अलगद वर आली. इतकं सुंदर काही त्या गाडीत तोवर नव्हतं.

"बिल कुठाय?"

"बिल नव्हतं. चिठ्ठी होती, शुभेच्छा म्हणून."

त्या सप्लायरच्या दरवाढीचा अर्ज त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर आलेला होता. मी खाली बसले.

"ताई, हे परत द्यावे लागतील."

"का?"

"त्याची फाइल माझ्याकडे आहे."

"फाइल कंपनीची. गाडी आपली. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध?"

"त्याला तो संबंध दिसतो म्हणून तर पाठवले ना."

मी पाना उचलायला गेले तर त्यांनी तो माझ्या हाताखालून काढून घेतला आणि स्वतः बोल्ट सोडायला लागल्या. मग वर न बघता बोलायला लागल्या.

"इतकी वर्षं वायरी बांधल्या मी. जाताना मिठाईचा बॉक्स दिला त्यांनी, अर्धा किलोचा. मला कुणी कधी घरी काही पाठवलं नाही. आज दारात एक चांगली वस्तू आली, ती बी परत. तुझं बरंय. तुझी खुर्ची आहे, ती सांभाळायला पाहिजे. माझ्याजवळ सांभाळायला काय आहे, सांग?"

"तसं नाही ताई—"

"काढले. घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पेटी स्कूटरवर पुढे ठेवून सप्लायरच्या शेडमध्ये नेऊन दिली. ते गृहस्थ ओशाळले. "मॅडम, घरच्यासारखं म्हणून पाठवलं होतं हो." मी म्हटलं, "आता विकत दिलेत तरी नाही घेता येणार." परत येताना मला रडू येत होतं. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघत होता म्हणून मी हेल्मेटची काच खाली ओढली. मी केलं ते बरोबर केलं याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण ताईंचा चेहराही समोरून हलत नव्हता.

त्यानंतर आमचं बोलणं दूध, गॅस आणि पाण्याच्या वेळा एवढ्यावर आलं. प्लायवूडवर वायरिंग तसंच टांगलेलं राहिलं. मी एकटी शोधत राहिले. एक जोडी आणली, ती लांब निघाली म्हणून परत केली. दुसरी कडक वाटली, तीही परत. मग शॉकअप राहिले बाजूला आणि मला आधीच घेतलेल्या वस्तू खुपायला लागल्या. हा होज बदलावा, हे ब्रेकचे लायनर बरे नाहीत. कामावर माल नाकारायची सवय लागलेली, ती घरीही चालू झाली. नवरा एकदा जिन्यात उभा राहून बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

"तुला गाडी पाहिजेय का नुसतं शोधत हिंडायचंय?"

"आधी ती वायर उचल, पायात येतीय," मी म्हणाले.

मग एक दिवस चाकणहून येताना बस नेहमीपेक्षा जास्त अडकली. कुठेतरी कंटेनर बंद पडला होता. मी दोन स्टॉप आधीच उतरून चालायला लागले, कारण बसून राहणं शक्यच नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि आवाज आला. तीन सिलिंडरांचं लहान इंजिन, सायलेन्सर नसल्यामुळे फडफडणारं. मी तो आवाज महाळुंग्यात शेवग्याखाली ऐकला होता. पाय आपोआप पळायला लागले.

दारात शेजारपाजारची माणसं जमली होती. थोरले दीर पंख्याने वारा घालावा तसे पेपरने धूर हटवत होते. गाडीत खुर्च्या अजून नव्हत्या, म्हणून ताईंनी आत पाट ठेवला होता आणि साडी गुडघ्याशी आवळून त्या पाटावर बसल्या होत्या, पाय ॲक्सिलेटरवर. वायरिंग भिंतीवरून उतरून गाडीत बसलं होतं. हेडलाइट लागले होते. पुढच्या चाकांना रिक्षाचे जुने शॉकअप होते, घासून स्वच्छ केलेले. ग्रिलवाल्याने दुपारी येऊन त्यांच्यासाठी पट्ट्या जोडून दिल्या होत्या म्हणे.

मी फाटकात थांबले. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी आला तो संताप. ट्रकवरची ती गाडी बघितल्यापासून हा क्षण मी शंभर वेळा डोळ्यांपुढे आणला होता, आणि दर वेळी किल्ली माझ्या हातात होती. इंजिन सुरू झालं तेव्हा मी कुठल्या तरी कंटेनरच्या मागे बसमध्ये होते.

ताईंनी मला बघितलं आणि इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं सगळं.

"थांबायचं होतंत," मी म्हणाले.

"थांबले असते तर पुढच्या वर्षी बी तू शॉकअपच परत करायली असतीस."

शेजारची बाई हसली. मग दीर हसले. मला हसू आलं नाही. मी चपला काढल्या, ताईंना म्हटलं, "उठा," आणि त्या उठल्यावर पाटावर बसून किल्ली फिरवली. इंजिन लागलं. स्टेअरिंग माझ्या तळहातात थरथरत होतं. डावा शॉकअप थोडा गळत होता, ते मला वाकल्यावर दिसलं. मी पुन्हा सरळ बसले. ताई सांगाड्याच्या पाइपवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "डावा गळायलाय. तेवढा बदलू."

त्याच महिन्यात ताईंना काम लागलं. ग्रिलवाल्याच्या ओळखीचा एक माणूस विजेवर चालणाऱ्या रिक्षा दुरुस्त करायचा. तो आमची गाडी बघायला म्हणून आला आणि वायरिंगपाशीच थांबला. हे कुणी बांधलं, म्हणाला. आता ताई रोज सकाळी डबा घेऊन त्याच्या शेडमध्ये जातात, काँट्रॅक्टवर नाही, कायम. गाडीसाठी त्यांच्याकडे रविवार तेवढा उरतो, आणि रविवारी त्यांना झोपायचं असतं. खुर्च्या, पत्रा, सायलेन्सर हे सगळं मग मी आणि नवऱ्याने सावकाश केलं. पत्र्याला रंग अजून लावलेला नाही.

अशी घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, नोंदणीच होत नाही. हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, पण तोवर त्यावर विचार करायची वेळ आली नव्हती. नवऱ्याच्या एका मित्राने मोशीच्या पलीकडे प्लॉट घेतला होता. प्लॉटिंगचे आतले रस्ते डांबरी, खांब उभे, पण घर एकही नाही. वॉचमनची आणि मालकाची परवानगी काढली आणि एका रविवारी दुपारी गाडी टेंपोतून तिथे नेऊन उतरवली.

पहिली मी बसले. बसल्यावर रस्ता जवळजवळ मांडीला लागतो. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. फार वेगात नव्हतेच मी, पण डांबर हाताच्या अंतरावरून मागे पळत होतं, वारा तोंडात शिरत होता आणि पत्रा एवढा खडखडत होता की मी ओरडत होते ते मलाच ऐकू आलं नाही. रस्त्याच्या टोकाला भिंत आली. थांबले. वळायला जागा कमी होती, म्हणून रिव्हर्स टाकायला गेले तर गिअर पडेचना. व्हॅनच्या गिअरच्या दांड्या वाकवून जोडताना कुठेतरी माप चुकलं होतं. ताई आणि नवरा पळत आले, पुढून रेटून त्यांनी गाडी मागे घेतली. मी वळवली, दुसऱ्या टोकाला गेले, तिथेही तेच. टोकाला पोचलं की पुन्हा जावंसं वाटायचं आणि निघालं की दांड्यांचा विचार सुरू व्हायचा.

"उतर आता," ताई म्हणाल्या.

पेडल एकमेकांच्या फार जवळ होते, त्यांच्या चपला दोन्हींवर पडायला लागल्या. त्यांनी त्या काढून माझ्या हातात दिल्या. पदर कमरेला घट्ट खोचला, ओढणीने बांधावं तसे रुमालाने केस बांधले. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. दुसऱ्यांदा गाडीने उडी मारली आणि निघाली.

मी ओरडून सांगितलं, टोकाला थांबा, आम्ही येतो ढकलायला. त्यांनी हात वर केला की नुसता केसांना लावला, कळलं नाही. टोकाच्या आधीच त्या उजवीकडच्या आडव्या रस्त्याला वळल्या. तो रस्ता कुठे जातो ते आम्ही बघितलंच नव्हतं. खांबांच्या मागे गाडी दिसेनाशी झाली. नवरा सावलीला जाऊन बसला. म्हणाला, "येतील फिरून, बस."

आवाज आधी लांब गेला, मग बारीक झाला, मग कुठल्या बाजूने येतोय ते समजेना. मी ताईंच्या चपला हातात घेऊन थोडा वेळ तशीच उभी राहिले. ऊन होतं. मग मी आवाजाच्या दिशेने चालायला लागले.